सरुबाईचा द्राक्षरस

ते भांडण सरुबाईच्या कानावर पडलं १९९३ च्या ईस्टरला, दुपारी. देवळाली कॅम्पातल्या लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत पाळक वैरागर आणि कबरी खणणारे कोंडाजी एकमेकांवर चढले होते. सरुबाई बाहेर नळाखाली हात धूत होती. हाताला स्वतःच्या लेकाच्या कबरीची माती होती.

"देवाची इच्छा होती असं त्या माउलीला का सांगितलंत, साहेब?" कोंडाजी विचारत होते. "पोरगं बावीस वर्षांचं. ट्रकवाला पिऊन तर्र. यात देवाची इच्छा कुठून आली?"

"कोंडाजी, हळू बोला. देवाला सगळं आधीपासून ठाऊक असतं. त्याची काही योजना असेल."

"ठाऊक होतं तर आडवा का नाय पडला? मला ठाऊक असतं तर मी पडलो असतो ट्रकापुढं. मग मी काय देवापरीस बरा?"

"जीभ आवरा!"

"तीस वर्षं खणतोय मी. मला इचाराल तर त्यालाबी आपल्यासंगंच कळलं. अन् तोबी रडला."

"देव रडतो?"

"मग? बायबलात मित्राच्या कबरीपाशी प्रभू रडला, तो काय डोळ्यात कचरा गेला म्हणून?"

सरुबाईने नळ तसाच वाहता ठेवला. बंद केला असता तर बाहेर कोणी आहे हे त्यांना कळलं असतं.

सरुबाई इंदिरानगरला एका खोलीत राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, लेक मनीषा लग्न होऊन पुण्याला, आणि आता मुलगा समाधानही गेला. चार घरची धुणीभांडी करायची. पण तिची खरी ओळख द्राक्षरसाची. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला चर्चमध्ये प्रभुभोजन असे, प्रत्येकाने भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याचा रस सरुबाईच करी. सीझनला बाजारातून काळी द्राक्षं, एरवी रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुका. उकळायचं, फडक्यातून गाळायचं, बाटली गरम पाण्यातून काढून भरायची आणि शनिवारी संध्याकाळी बसने कॅम्पात पोचवायची. डोक्यावर पदर ओढावा इतक्या सवयीने तिचे हात ते करत.

समाधान गेला त्या शनिवारीही चुलीवर द्राक्षंच होती. निरोप आला तेव्हा ती गाळत होती. गाळणं तसंच टाकून धावली. तो रस कोणी पुरा केला, तिला कधी कळलं नाही.

रस करणं तिने सोडलं नाही. प्यायचं मात्र सोडलं. छोट्या पेल्यांचं तबक फिरत आलं की सरुबाई मान खाली घालून पुढच्या बाईकडे सरकवी. शेजारणी कुजबुजत, "हिच्या मनात काही पाप असंल." पाप कसलं? ज्याने इच्छा करून लेक उचलला, त्याच्याच पंगतीला कसं बसायचं, एवढंच तिला उमगत नव्हतं. कोंडाजींचं बोलणं तिला आवडलं होतं. पण पाळकसाहेब शिकलेले, आणि कोंडाजी तिच्यासारखेच अंगठेबहाद्दर. खरं कोणाचं धरायचं? विचारायला घरात होतं कोण? मनीषाचा रविवारी शेजाऱ्यांकडे फोन यायचा. त्यात तब्येत आणि पाऊसपाणी, की संपला. पुढे कोंडाजीही गेले आणि विचारायचं राहूनच गेलं.

अशी अकरा वर्षं गेली. २००४ साली ईस्टरच्या आदला शनिवार पुन्हा दहा एप्रिललाच आला. तारीख तीच, वारही तोच. सरुबाईने कॅलेंडर पाहिलं आणि ठरवलं, या शनिवारी काही आपण चूल पेटवायची नाही. तिने बुधवारीच रस केला. जीव लागत नव्हता, धड उकळी यायच्या आतच उतरवला आणि बाटली फडताळात ठेवली. एप्रिलचा उन्हाळा, वरती पत्रा.

ईस्टरला पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी पेले उचलले. आणि मंडळी एकमेकांकडे बघू लागली. रस जिभेवर चुरचुरत होता. मागच्या बाकावरचे निवृत्त सुभेदार हळूच म्हणाले, "आज जरा चढणारं आहे हं." पोरं फिदीफिदी हसली.

पाळक होते वैरागरच, बदल्यांवर फिरून परत कॅम्पात आलेले. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. भक्ती संपल्यावर सरुबाईला मागच्या खोलीत बोलावलं.

"सरुबाई, हे काय केलंत तुम्ही?"

"मी रस केला, साहेब. तो आंबला, ते मी नाय केलं. ते त्याचं त्यानंच झालं."

"पण रस तुमचाच ना?"

"माझाच की. म्हणून तर सकाळी समदे हसले तवा लाजंनं मेले. पण माझ्या मनात नव्हतं हो तसं..."

बोलता बोलता ती थांबली. बाहेर नळ टपटपत होता. तिने दाराची चौकट धरली.

"साहेब, देवाचंबी असंच झालं असंल का, माझ्या समाधानच्या वेळी?"

पाळकसाहेब खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला.

"त्या दिवशी कोंडाजी हेच म्हणत होते," ते म्हणाले.

"ऐकलंय मी. नळाशी होते."

"आणि अकरा वर्षं मनात ठेवलंत?"

"अकरा वर्षं."

"सरुबाई, मी तेव्हा पुस्तकातलं बोललो. माझ्याकडे स्वतःचं काही नव्हतं. आजही नक्की सांगता येत नाही मला. पण कोंडाजी चुकले असं आता म्हणवत नाही."

एवढंच. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही. घरी येऊन सरुबाईने आंबलेली बाटली मोरीत ओतली आणि खाटेवर बसली. रोज ती देवाला हे दे, ते दे म्हणायची, किंवा काहीच म्हणायची नाही. आज म्हणाली, "तुला कळलं तवा तू कुठं होतास रे? तुझ्याजवळ कोण होतं?" प्रश्न विचारूनच तिला बरं वाटलं. दोघांपैकी कोणी तरी आधी विचारायला हवंच होतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तबक आलं. सरुबाईने पेला उचलला. स्वतःच्याच हातचा रस तिने अकरा वर्षांनी चाखला आणि शेजारणीला म्हणाली, "साखर जरा कमी पडली."

खोली एकटीचीच राहिली. मनीषाचा फोनही तेवढाच. पण रात्री दिवा मालवताना ती म्हणायची, "झोप आता तूबी."

२००८ च्या मार्चमधला पहिला शनिवार, सरुबाईचा शेवटचाच. दोन दिवस छातीत कळ येत होती, ती तिने कोणाला सांगितली नाही. द्राक्षं चांगली खळखळून उकळली, फडक्यातून गाळली, बाटली भरली. मग रस आंबला त्या ईस्टरपासून लागलेल्या सवयीने बाटली कानाशी धरली. आत काही चुरचुरत नव्हतं. पिशवी घेऊन बस पकडली, कॅम्पात उतरली. मागच्या खोलीत बाटली कपाटात ठेवली, पेले विसळून फडक्यावर पालथे घातले, एक जास्तीचाच, कारण रविवारी कोणीतरी नवं येतंच. किल्ली खिळ्याला अडकवली. जाताना नळ टपटपत होता तो घट्ट पिळून बंद केला आणि बसथांब्याकडे निघाली.