काळा दोरा बाटलीचा

बायांनो, मी सांगून राह्यली अन् मास्तरीणबाई लिहून राह्यल्या.

बाळंत सुनेले ताप आहे, म्हणून नर्सबाई घरीच येतात. त्यांनी दोन सारख्या बाटल्या दिल्या, एक प्यायची, एक जखम धुवायची. मले अक्षर येत नाही, म्हणून धुवायच्या बाटलीले त्यांनीच काळा दोरा बांधला अन् म्हणाल्या, "आजी, हे पोटात गेलं तं इख, जहरच."

आज दुपारी पाहते तं दोरा बाळाच्या मनगटावर. माही नणंदबाई हसून म्हणे, "बाटलीले कोणाची नजर लागते, वहिनी?"

सकाळचं औषध तिनंच पाजलं. दोरा आधी सोडला की औषध आधी पाजलं, ते तिले आठवत नाही.

नर्सबाईले आणाले बाभुळगावले बैलगाडी पाठवली. त्या आल्या की म्हणीन, बाळाले बांधता येणार नाही अशी खूण द्या.

सून अजून उठली नाही. तुमच्या घरी कोणती खूण ठेवता, बायांनो?