चोपणातला हरभरा

दौंडच्या शेतकीच्या जादा वर्गात आमच्या गुरुजींनी मला फसवलं. ज्या मुलाशी मी वाफा बदलला, त्यानं नव्हे. त्यानं सौदा केला, आणि सौद्याचा राग मी धरत नाही.

सत्तरच्या दशकात शिरूर आणि दौंड तालुक्यांतली हुशार मुलं निवडून हा वर्ग भरवला होता. मी केंदूरचा. राहायला वसतिगृह, शिकायला शेत. प्रत्येकाला एक वाफा आणि सगळ्यांना एकच पीक, हरभरा. ज्याचा हरभरा सरस, त्याला पुढच्या शिक्षणाला पुण्याला पाठवणार होते, तेही वर्गाच्याच खर्चानं. मला पुण्याला जायची तेवढीच वाट होती.

चिठ्ठीत मला विहिरीजवळचा, काळ्या मातीचा वाफा आला. कालव्याकडच्या वाफ्यावर मात्र पांढरी भुकटी पसरलेली दिसली. आमच्या कोरडवाहू गावात युरिया वाटीनं मोजून टाकायचे. इथं वाफाच्या वाफा पांढरा! मला वाटलं, याला खत आधीच घातलंय. तो वाफा दौंडच्याच एका मुलाला आला होता.

"बदलतो का?" मी विचारलं.

"न्हाई बाबा. माझा ब्येस हाय."

"वर माझं खुरपं देतो. नवं हाय."

त्यानं अंगठ्यानं धार पाहिली. "आन् मूठ ढिली निघाली तर?"

"तर माझ्याच टाळक्यात घाल."

गुरुजी शेजारीच उभे होते. मी मुद्दाम विचारलं, "गुरुजी, अदलाबदल चालंल न्हवं?"

ते हसले. "चालेल की. पण एकदा ठरलं की मागं फिरायचं नाही."

हरभरा उगवला तो विरळ. मग पिवळा पडला, पानांच्या कडा करपल्या. मी पाणी वाढवलं, तसा आणखीच गेला. एका सकाळी गुरुजी सगळा वर्ग घेऊन माझ्या बांधावर आले. मातीवरचा पांढरा पापुद्रा उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"चाख."

खारट लागलं.

"ही चोपण जमीन," ते वर्गाला म्हणाले. "कालव्याचं पाणी मुरतं आणि खार वर येतो. आणि हे केंदूरचे शास्त्रज्ञ! यांनी ती खुरपं देऊन विकत घेतली."

सगळे खिदळले. मी तो पापुद्रा त्यांच्या पायाशी आपटला. "तुमाला तवाच म्हाईत होतं?"

"चुकल्याशिवाय शिकणार कसा?"

ठीक. धडा म्हणून मी तो घेतलाही असता. पण निवडीच्या वेळी त्यांनी सगळ्यांचा हरभरा एकाच तराजूत घातला, आणि माझ्या वाफ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुण्याला गेला तो माझ्या काळ्या मातीत हरभरा काढणारा.

मी अडून राहिलो नाही. पुढं वरवंडकडची पांढरी जमीन, जी कुणी फुकट घेईना, ती घासाघीस करून घेतली. चर खोदले, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला, खार धुऊन काढला. आता तिथं ऊस उभा आहे. गुरुजी पाहुण्यांना बांधावर आणतात आणि छाती काढून सांगतात, "चोपण सुधारायला याला मी शिकवलं."

घरचे म्हणतात, म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या. का जाऊ द्यायचं? गुरुजी, धडा साऱ्या वर्गाला मिळाला, मग त्याची किंमत माझ्या एकट्याकडून का वसूल केलीत? पुढच्या खेपेला त्याच पाहुण्यांसमोर, माझ्या बांधावर उभं राहून याचं उत्तर द्या.