दोन सेंटिमीटरची गाठ

आईची पाळी आठ-आठ दिवस चालायला लागली, तेव्हा मी वालचंदनगरच्या कॉलनीतून बारामतीला कॉलेजला जात होते. तिथेच तिची सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठ निघाली. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तो माझ्या हातात आला. गाठ दोन सेंटिमीटरची, साधी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, असं लिहिलं होतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंही, "आधी रक्तवाढीच्या गोळ्या द्या. पाळी जायचं वय झालंय. ती गेली की गाठ आपोआप आकसते. ऑपरेशनची घाई करू नका."

घरी वडिलांची थोरली बहीण कळसहून आली होती. वडिलांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"गाठ आहे. छोटी आहे."

पुढचं सगळं मला बायॉलॉजीच्या पुस्तकातल्या इंग्रजीत येत होतं. वडिलांसमोर 'पाळी' हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. मी कागदाची घडी घातली.

"बारकी हाय तवर काढून टाका," आत्या म्हणाली. "नासकं फळ ठिवून काय लोणचं घालायचंय? गेल्या नवरात्रात दुसऱ्याच माळेला हिला कावळा शिवला. घट माझ्या गळ्यात. औंदा तरी नको."

आईने माझ्याकडे पाहिलं. "काढायलाच पायजे का गं?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हणाले.

ऑपरेशनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडलाच नाही. मुलं किती, एवढं विचारलं आणि म्हणाले, "मग पिशवी ठेवून काय करायचं?"

काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची तिथे पद्धत होती. नर्सने ट्रे आणला. वडील खिडकीबाहेर बघत राहिले. आत्या वाकली. "गाठ कुटं हाय?" नर्सने चिमट्याने दाखवली. बोराएवढी.

"येवढीच?" आत्या म्हणाली. मग सरळ होत, "पिशवीच वंगाळ आसंल."

त्या नवरात्रात आईला वाकायला, उचलायला मनाई होती. घट पुन्हा आत्यानेच बसवले, नऊ दिवस कुरकुरत.

दसऱ्यानंतर आईने कपाटातून रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. "गाठ येवढीच हाय, आसंच लिवलं हुतं ह्यात?"

"हो."

"आन् काढा म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. तिने कागद परत ठेवला. त्यानंतर घरात आलेला कुठलाही इंग्रजी कागद तिने मला वाचायला दिला नाही. शेजारच्या बाईंकडे नेते.