फॉरमॅट मारण्याआधी

“गेलं तर रडाल, असं काय हाय यात?”

कॉम्प्युटर दुरुस्तीला बसण्याआधी बाई हे विचारायच्या. चपला दाराबाहेर, लुनाची किल्ली टेबलावर आणि मग हा प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत कीबोर्डला हात लावायच्या नाहीत. माणसं हसायची. “काही नाही हो, मारा फॉरमॅट,” म्हणायची. बाई मात्र हसायच्या नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेवगावात तेव्हा घरात कॉम्प्युटर असणारे आम्ही मोजून अकराजण होतो. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हा आकडा छातीठोकपणे सांगतो. मशीन बिघडलं की नगरहून पोरं यायची, तासाभरात सगळं पुसून नवी सिस्टीम टाकायची आणि साडेपाचची एसटी पकडायची. बाई पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायच्या. कॉम्प्युटर त्या स्वतःच, पुस्तकं वाचून शिकल्या. त्यांना त्याच कामाला पूर्ण दिवस लागायचा. “लई वेळ लावतात,” ही त्यांच्याबद्दलची एकमेव तक्रार.

तो वेळ कुठे जायचा, ते मी पाहिलं आहे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही घड्याळाकडे बघणं सोडलं असतं. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक मशीनला दोन पानं. इंटरनेटसाठी कोणता नंबर फिरवायचा, मेलचा पत्ता, सर्व्हरचं नाव, प्रिंटर कोणता, मराठी टाइप कोणता, सगळं पेन्सिलीने उतरवायच्या. मालकाला मोठ्याने वाचायला लावून एकेका ओळीवर खूण करायच्या.

पडद्यावरची चित्रंसुद्धा त्या वहीत काढायच्या. कोणतं कुठे, डावीकडून कितवं. मला ते पोरकट वाटलं, तसं मी म्हणालोही. तेव्हा त्यांनी सोनईच्या एका बियाणं दुकानदाराची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या घरातले आजोबा. इंग्रजी येत नाही, पण वरून तिसऱ्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की आपलं काम उघडतं, एवढं पक्कं ठाऊक. नगरच्या पोराने नवी सिस्टीम टाकली आणि तिसरं चित्र पाचवं झालं. आजोबा आठवडाभर पत्त्यांचा डाव उघडत राहिले. “दुकान बंद करायला निघालते,” बाई म्हणाल्या. “मशीन नीट हुतं, सर. मानसाचं घर हललं हुतं.”

त्यानंतर मी त्यांच्या वहीला नावं ठेवली नाहीत.

पण त्यांची खरी रीत पुढेच होती. फ्लॉपीवर नक्कल घेतली की त्या ती खरी मानत नसत. “कॉपी झाली, असं मशीन म्हनतंय. मशीनचं काय जातंय म्हनायला!” फ्लॉपी रुमालात गुंडाळून लुनावरून आपल्या घरी जायच्या, स्वतःच्या मशीनवर उघडून बघायच्या, मोजायच्या आणि मगच परत येऊन फॉरमॅट मारायच्या. भर उन्हात, येऊन-जाऊन चार किलोमीटर. बाई आता शेवगावात नाहीत. मुलाबरोबर नाशिकला गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. तसं काम करणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

माझं मशीन त्या वर्षी फेब्रुवारीत बिघडलं. दिवसातून सहा-सात वेळा अडकायचं. सिस्टीम नव्याने टाकण्यावाचून इलाज नव्हता. आणि त्यात ताईचे मेल होते.

ताई माझी थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि मस्कतला गेली. शेवटची दीड वर्षं ती मला इंग्रजी अक्षरांत मराठी मेल पाठवायची. नाताळच्या करंज्यांपासून वॉर्डातल्या भांडणांपर्यंत सगळं त्यात असे. जानेवारीत ती तिकडेच आजारपणात गेली. तिच्या हातचं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

रविवारी सकाळी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, “बहिणीचे मेल आहेत. एकशे त्रेचाळीस.” ती वारली हे सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर आवाजाचा भरवसा नव्हता.

“सगळे एकाच कप्प्यात हायेत का? दुसरा कप्पा केलाय का?”

“नाही. एवढंच.”

बाई फ्लॉपी घेऊन गेल्या. तासाने परत आल्या, त्या कपाळाला आठ्या घालूनच.

“सर, किती म्हनलात?”

“एकशे त्रेचाळीस.”

“माझ्याकडं एकशे एकतीस भरतात. दोनदा मोजले.” त्या खुर्चीत बसल्या. “गनिताच्या मास्तरचा आकडा चुकायचा न्हाई. म्हंजे माझंच कायतरी ऱ्हायलं.”

दारातून आमची सौ. म्हणाली, “अहो, ते ‘नंतर’मधले सांगितलेत का?”

आजारपणातले बारा मेल मी ‘नंतर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकले होते. रोज समोर दिसायला नकोत म्हणून. मोजताना त्यांना धरलं, सांगताना टाळलं. शेवटचा तर उघडलाही नव्हता. तो आला त्या दिवशी मी शाळेत होतो आणि घरी पोचेपर्यंत मस्कतहून ती गेल्याचा फोन येऊन गेला होता.

हे सगळं सौ.ने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. “कप्पा इचारला हुता मी,” एवढंच पुटपुटल्या. दुसरी फ्लॉपी काढली, बारा मेल घेतले आणि पुन्हा लुनाला किक मारली. नगरचं पोर असतं तर एव्हाना सगळं पुसून एसटीत बसलं असतं.

या खेपेला परत आल्यावर म्हणाल्या, “बारा भरले. पैली न् शेवटची वळ बघितली, मधलं आपल्यासाठी न्हाई. एक तुमी उघडलेला न्हाई, तो मीबी न्हाई उघडला. दोन्हीकडं फाइलचं वजन सारखंच भरतंय, एवढं तपासलं.”

दुपार फॉरमॅटमध्ये गेली. पाच वाजता मेल परत आले. चित्रं जागच्या जागी, मराठी टाइप जागच्या जागी. बाईंनी मला मोजायला बसवलं. एकशे एकतीस आणि बारा. मग त्यांनी ‘नंतर’ उघडला, ठळक अक्षरांतल्या त्या एका ओळीवर बाण आणून ठेवला आणि उठल्या.

“वहिनी, चा टाका,” म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. जाताना मधलं दार ओढून घेतलं.

मी मेल उघडला. दोनच ओळी होत्या. ‘एका हाताला सलाईन आहे, एकाच हाताने टाइप करते आहे. उद्या सविस्तर लिहिते.’

मी किती वेळ रडत होतो, ते मला सांगता येणार नाही. आत बाई बोलत होत्या. मेथीच्या जुडीचा भाव, शेजारणीची शेळी, घोडेगावच्या बाजारातली गर्दी, एकापुढे एक. एरवी बाईंचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. त्या दिवशी तो पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होता.