पुढे न सरकलेला डाग

माझ्या बायकोला साडेसात नंबरचा बूट लागतो, हे दुकानात मीच तिच्याआधी सांगून टाकायचो. पळण्याच्या बुटाला हे माप चालत नाही, हे मला ती पळायला लागून चार महिने झाल्यावर कळलं. तोवर तिच्या दोन पायांची मिळून पाच नखं काळी पडली होती.

त्रेपन्नाव्या वर्षी ती पळायला लागली. अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावातल्या मराठी बायकांचा एक ग्रुप शनिवारी सकाळी तळ्याभोवती पळायचा, त्यात तिला कुणीतरी ओढलं. इथल्या मराठी मंडळात बहुतेक लोक डॉक्टर, नाहीतर तेलकंपन्यांतले इंजिनियर. मी बारावी झालेला, दुसऱ्याच्या गोदामात लाद्या उचलून नंतर स्वतःचं फरशांचं दुकान काढलेला माणूस. त्यांच्या घरातल्या फरश्या माझ्याकडून जायच्या, आमंत्रणं मात्र जरा उशिरानं यायची. त्या बायकांनी हिला बरोबरीनं घेतलं, याचा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता.

म्हणून तिच्या पायांची जबाबदारी मी घेतली. पळताना पाय सुजतो आणि बुटात पुढे सरकतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यायचा, अर्धा नंबर मोठा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. नाडी अगदी वरच्या भोकातून ओढून टाचेपाशी घट्ट बांधायची, म्हणजे टाच उचलली जात नाही आणि फोड येत नाही. नखं सरळ कापायची, कडेला गोल नाही. सुती मोजे बंद. आमच्याकडच्या दमट हवेत सुती मोजा दोन मैलांत ओल्या फडक्यासारखा होतो. टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलिन. लांब पल्ल्याच्या दिवशी मी सहाव्या मैलावर गाडी घेऊन उभा राहायचो, मांडीवर कोरडे मोजे. ती डिकीच्या कडेवर बसायची, मी तिचे पाय पुसून मोजे चढवायचो.

"अहो, लोक बघतायत," ती म्हणायची.

"बघू देत. त्यांच्या नवऱ्यांना सांग, या म्हणावं शिकायला."

"त्यांचे नवरे झोपलेत अजून."

फोड थांबले. काळी नखं हळूहळू वाढून पुढे गेली, कापली गेली, खालून स्वच्छ नखं आली. चार आली. उजव्या अंगठ्याचं तसं आलं नाही. त्यावर मुळापासून टोकापर्यंत एक तपकिरी पट्टा होता, पेन्सिलीच्या रेघेपेक्षा थोडा जाड.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवून घ्या, असं सांगितलं. फोन मी केला. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळत होती. मी आयुष्यभर भाव करत आलोय. समोरच्यानं पहिली सांगितलेली गोष्ट मला कधीच खरी वाटत नाही. मी फोनवरच्या बाईला पुढच्या आठवड्याची मागितली, मग पुढच्या महिन्याची. ती त्याच आवाजात तीच तारीख सांगत राहिली. शेवटी माझं डोकं फिरलं, नको तुमची तारीख म्हणालो आणि फोन आपटला.

"घेऊन तर ठेवायची," बायको म्हणाली.

"नखाला तीन महिने? मी विचारतो काकांना."

काका म्हणजे मंडळातले सगळ्यांत जुने डॉक्टर, हृदयविकाराचे, निवृत्त. त्यांच्या स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट मी बसवला होता. कार्यक्रमात जेवणाचं ताट हातात घेऊन लोक त्यांना रिपोर्ट दाखवायचे, आणि ते कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी बायकोला शाळेच्या हॉलबाहेर नेलं आणि बाकावर चप्पल काढायला लावली. साडी सावरत ती लाजून हसत होती. काकांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं.

"पळतेस ना तू? मग रनर्स टो दिसतोय. रक्त साकळलं असेल."

"बघ," मी तिला म्हणालो.

"अरे, थांब. पाय हे माझं खातं नाही. दोन महिने लक्ष ठेवा. नख वाढतं तसा डाग पुढे सरकला तर रक्तच. जागेवर राहिला, तर मात्र नक्की दाखवा."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. पण आपल्याला हवा तो भाव मिळाल्यावर समोरचा जे काही पुटपुटतो, त्याकडे लक्ष द्यायची मला सवय नाही. बायकोला तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ती एका पायात चप्पल अडकवत आत गेली. शेवटचं वाक्य फक्त माझ्या कानांवर पडलं. घरी जाताना गाडीत तिनं विचारलं, "काय म्हणाले काका?" मी म्हणालो, "काही नाही म्हणाले."

पुढे मी आणखी एकदा बूट बदलले. पुढचा भाग रुंद असलेले घेतले. ती अर्धमॅरेथॉन पळाली, शेवटच्या मैलाला माझ्याकडे बघून तिनं हात हलवला. डाग तिथेच होता. मी दर आठवड्याला तिची नखं कापायचो, म्हणजे दर आठवड्याला तो मला दिसायचा.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आमची मुलगी तिच्या घरून, नेपरव्हिलहून आली. आई घरात अनवाणी फिरत होती. मुलीनं पाय पाहिला, तो पट्टा आता नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरला होता. तिनं फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि चार दिवसांत तारीख मिळवली. तो कॅन्सर होता. अंगठा काढला. तोवर कॅन्सर जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात फुप्फुसात.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मुलगी मला म्हणाली, "यू हंग अप ऑन देम, बाबा. शी टोल्ड मी." आणि गाडीत जाऊन बसली. ती ओरडली असती तर मला उलट ओरडता आलं असतं.

बायको दीड वर्षानं गेली. चौदाव्या दिवशी मंडळातले लोक भेटायला आले होते, त्यांत काका-काकू होते. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही डॉक्टर. रक्त साकळलंय म्हणालात."  'मी दाखवायला सांगितलं होतं' असं काकांनी म्हणावं, याची मी वाट पाहत होतो. म्हणाले असते तर मी खोटं पाडलं असतं. तयारी होती माझी. ते फक्त म्हणाले, "सॉरी रे." आणि काकूंचा हात धरून निघून गेले.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. मंडळात निम्मे लोक माझ्या बाजूनं होते, आणि ते मी चालू दिलं. माझ्या सांगण्यात काकांचं ते शेवटचं वाक्य कधीच आलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. फोन न करताच. दार काकूंनी उघडलं. मला आत घ्यायला त्या बाजूला झाल्या.

"ये. पण हल्ली त्यांना फारसं आठवत नाही," त्या म्हणाल्या. "काही बोलायचं असेल तर हळू बोल. भांडायला आला असशील तर उपयोग नाही."

काका खिडकीपाशी बसले होते. मला पाहून हसले. "ये रे. ती कशी आहे? पळते का अजून?"

मी समोरच्या खुर्चीत बसलो. घरून ठरवून आलो होतो ते सांगायला सुरुवात केली. तिचं नख. तो डाग. मी आपटलेला फोन. हॉलबाहेरचा बाक. तुम्ही काय म्हणालात, अगदी शब्दन् शब्द. ती आत गेल्यावर मी एकट्यानं ते ऐकलं, आणि गाडीत तिला काही नाही म्हणाले म्हणून सांगितलं.

काका मान हलवत ऐकत होते. ही गोष्ट त्यांच्यासाठी पहिल्यांदाच घडत होती. पेशंट सांगत असतो तसं ते मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

मी थांबल्यावर काका पुढे वाकले.

"मग? पुढे सरकला का डाग?"

"नाही."

"किती दिवस पाहिलंत?"

"दहा महिने."

"आणि दाखवलंत का कुणाला?"

"नाही काका," मी म्हणालो. "मी नाही दाखवलं."

त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मी उठून गेलो नाही.