पाच पत्ते, दोन उत्तरं

मंगळवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, दहा आठवडे. ब्रिस्टलमधल्या प्रौढांच्या वर्गांच्या यादीत माझ्या वेळेत बसणारे दोनच विषय होते: फुलांची मांडणी आणि गुप्तलेखनामागचं गणित. फुलांतलं मला काही कळत नाही. मी दुसऱ्यापुढे खूण केली.

तेव्हा मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नर्सेसच्या ड्यूट्यांचे तक्ते करत असे. नवरा तिथेच भूलतज्ज्ञ. मुलगी शिक्षण संपवून नोकरीला लागली होती आणि मला पहिल्यांदाच आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी मिळत होती.

शिकवणारे गृहस्थ विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला अक्षरांची अदलाबदल करून एक गुप्त मजकूर लिहून आणायला सांगितला. मी हुशारी केली. अर्धं पान मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, लिहिलं आणि मग अक्षरं बदलली. ब्रिस्टलमध्ये हे कोण फोडणार? शेजारी बसणाऱ्या निवृत्त पोस्टमनने वीस मिनिटांत त्यातली निम्मी अक्षरं फोडली. त्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने फक्त कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं. पाकिटांवरच्या आपल्या नावांत 'ए' (A) भरपूर असतो हे त्याने पाहिलेलं, म्हणून सर्वांत जास्त वेळा आलेलं चिन्ह म्हणजे 'ए' असणार, हे त्याने धरलं आणि बरोबर धरलं. वेश बदलला तरी सवयी बदलत नाहीत, एवढं त्या दिवशी मला कळलं.

पुढे घड्याळाचं गणित आलं, ज्यात दहा आणि पाच मिळून तीन होतात. मग मूळ संख्या आल्या. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायला क्षणभर लागतो, पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन शोधायला आयुष्य पुरत नाही. आजची कुलपं या एवढ्याशा अडचणीवर उभी आहेत. मला हे फार आवडलं. वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटच्या मंगळवारी सरांनी खेळायचे पाच पत्ते आणले. दोन माणसांना एकाच प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर द्यायचंय. दोघांचं हो असेल तर ते कळावं. तसं नसेल, तर कोण काय म्हणालं ते बाहेर पडू नये. वर्गाने हे गमतीने घेतलं. माझ्या डोक्यात मात्र मेडनहेड गावात राहणारी माझी मैत्रीण आली.

ती आणि मी एकाच वर्षी या देशात आलो. दोघींचे नवरे डॉक्टर, पहिली तीन वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत. तिचा मुलगा आणि माझी मुलगी चार महिन्यांच्या अंतराने जन्मले आणि एकाच बाबागाडीत वाढले. गेले वर्षभर ती फोनवर एकच विषय काढायची: या दोघांचं लग्न.

"अगं, विचारून तर बघू दोघांना."

"आणि एक हो म्हणालं, एक नाही, तर?"

"तर काय?"

"तर दिवाळीला दोघं समोरासमोर बसून करंज्या कशा खाणार? आणि तू नि मी?"

अशा वेळी आपल्याकडे पत्रिका जुळत नाही असं सांगून सुटता येतं. ती सोय आम्ही स्वतःच घालवली होती. दोन्ही पत्रिका पुण्याच्या एकाच गुरुजींनी केलेल्या, आणि मैत्रिणीने गुणही मोजून घेतलेले. अठ्ठावीस.

मी तिला पत्त्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय. कधी येतेस?"

मी सात कलमांची यादी केली. लाल पत्ते तंतोतंत सारखे हवेत, काळेही. म्हणून एकाच छापाचे तीन कॅट लागणार: तिन्हींतून बदामाचा एक्का, दोहोंतून इस्पिकचा. दुकानात दोनच उरले होते. तिसरा आमच्या घरचा घेतला, बदाम सात खेळायचा, पण छाप तोच; त्यातून फक्त बदामाचा एक्का.

शनिवारी दुपारी मेडनहेडला जेवणं झाल्यावर मी मुलांपुढे विषय काढला. मुलगी लाल झाली आणि हसली. मुलगा म्हणाला, "मावशी, हे अ‍ॅक्चुअल मॅथ्स आहे?"

"अ‍ॅक्चुअल आहे. सिद्ध करता येतं."

"आणि नाही म्हटलं तर मम्मी मला घरातून काढणार नाही?"

"तिला कळणारच नाही, गाढवा," मी म्हटलं.

टेबलाच्या मध्यावर एक लाल पत्ता पालथा. दोघांना एकेक लाल, एकेक काळा. हो असेल तर लाल मध्याकडे ठेवायचा, नाही असेल तर काळा. एकाने ठेवताना दुसऱ्याने पाठ फिरवायची. मग पाचही पत्ते क्रमाने एकावर एक, आणि दोघांनी हवं तितक्या वेळा कापायचे. शेवटी गोलात उघडायचे. तीन लाल लागोपाठ आले तर दोघांचं हो.

मैत्रीण स्वयंपाकघरात जाऊन थांबली. मी पंच म्हणून टेबलाशी. आधी मुलीने ठेवले. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं, आणि तिच्या दोन पत्त्यांपैकी एकाचा कोपरा मला किंचित पांढरा पडलेला दिसला. घरचा एक्का, बदामाचा. तो मध्याला लागून होता.

पंचानेही पाठ फिरवायला हवी होती. माझ्या सात कलमांत ते नव्हतं.

तिथेच थांबवायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. मी थांबवलं नाही. मुलाने त्याचे ठेवले, दोघांनी कापले, मी गोलात मांडून उघडले. लाल, काळा, लाल, लाल, काळा. लागोपाठ तीन नाहीत.

"ओके," मुलगा म्हणाला. "टी, एनीवन?"

स्वयंपाकघरात मैत्रिणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. "कोण?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही."

"खरं?"

"तेच तर त्यातलं गणित आहे."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि बर्फी कापायला घेतली. तिच्याशी मी खोटं बोलले ते तेवढं एकदाच. आम्ही आजही रोज फोन करतो, म्हणून त्याची खंत करत नाही. हे लिहिण्याआधी मी तिला आणि दोन्ही मुलांना सांगितलंय. दोघांची आपापली लग्नं होऊन बरीच वर्षं झाली.

परतताना मी गाडी चालवत होते, मुलगी शेजारी बसली होती. एम-फोर महामार्गावर अर्ध्या वाटेत आम्ही सर्व्हिसेसला, रस्त्याकडेच्या थांब्यावर, थांबलो. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "आई, त्याला नाही ना कळणार, मी काय ठेवला ते?"

या प्रश्नातच तिचं उत्तर होतं, पण ते मला आधीच ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिने पत्ते ठेवले तेव्हा मुलाचं तोंड भिंतीकडे होतं, हे मी नीट आठवून पाहिलं. मग पेन काढलं.

"हे बघ. ज्याने नाही म्हटलं, त्याच्या दृष्टीने समोरच्याचं हो असो की नाही असो, उत्तर नाहीच येणार. राहिली पत्त्यांची मांडणी." पेपर नॅपकिनवर मी तीन गोल काढले: याचं हो त्याचं नाही, याचं नाही त्याचं हो, दोघांचं नाही. "आता फिरव."

तिने पहिल्या गोलावर बोट ठेवलं, एकेक घर पुढे सरकवत दुसऱ्याशी जुळवलं. मग तिसऱ्याशी. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 

"सेम आहेत," ती म्हणाली.

"तिन्ही."

"म्हणजे तो आयुष्यभर बघत बसला तरी?"

"आयुष्यभर बघत बसला तरी."

तिने नाक पुसलं, कॉफी संपवली आणि हात पुढे केला. "चावी दे. मी चालवते."