डावीकडून आलेलं संत्रं

माझा डावा डोळा वाचला तो वाडीच्या जिममधल्या काकांमुळे. किताबाच्या लढतीआधी आमच्या हेवीवेट बॉक्सरसाठी सोपे प्रतिस्पर्धी तेच निवडत. निवडताना नजर तपासायला बाजूनं अचानक संत्रं फेकायची त्यांची सवय. डावीकडून आलेलं ते मला दिसलंच नाही, गालावर आदळलं.

"यालेच घ्या काका, पहिल्याच फेरीत पडन," बॉक्सर हसला.

आठवीत शाळा सोडून गावापासून इतक्या दूर पोती उचलायला आलेला मी; लढतीचे पैसे मिळावेत म्हणून त्या डोळ्यानं कमी दिसतं हे लपवलं.

"पडन, पण उद्या याले दिसन का गा?" म्हणत काकांनी माझं नाव खोडलं आणि स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका ठोशात डोळा गेला असता, डॉक्टर म्हणाले.

हल्ली काका नावांचा कागद हात लांब करून वाचतात. त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येईल, तेव्हा स्कूटर मी चालवीन.